गुरुजींच्या उजव्या हाताला

झोटवाडा, जयपूर
२० फेब्रुवारी २०२६

कलाताईंना रत्नाचा प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या कानामुळे फोनवर बोलणं होत नाही. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते आधी सूनबाई वाचतात, मग मोठ्यानं ओरडून तुम्हाला सांगतात आणि जालन्याची अर्धी गल्ली ऐकते, असं तुम्हीच कळवलंत. तेव्हा पत्रच बरं. कागद मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचे आहेत, पाठ कोरी होती. हसू नका. चांगला कागद टाकवत नाही मला.

लेंताचे, ईस्टरआधीचे उपासाचे दिवस बुधवारी सुरू झाले. तुमचे बाबा बरे आहेत. डबा दोन्ही वेळचा माझ्याकडूनच जातो. भाजीत तेल कमी घालते, डॉक्टरांनी सांगितलंय तसं. रविवारची मराठी उपासना त्यांच्याच पुढच्या खोलीत होते, तेच घेतात, आणि इथे सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. आपली रेल्वेतली माणसं येतात, सांगानेरहून दोन घरं येतात. पोरं हल्ली मागे बसून मोबाईल बघतात. आमची प्रणाली परवा म्हणाली, "आई, गुरुजी जे बोलतात ते मला समजतं, मतलब पूरा नाही, पण अच्छा लगता है." मी म्हटलं, तेवढं पुरे.

काचबिंदूनं नजर जवळजवळ गेल्यापासून बाबा शास्त्र वाचत नाहीत, तोंडपाठ सांगतात. अख्खे अध्याय. आमचे हे त्यांच्या उजव्या हाताला बसतात आणि कुठे अडलं की पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच देतात. शब्द मिळाला की बाबा पुढे चालू. समोरच्यांना पत्ताही लागत नाही. पूर्वी क्वचित द्यावा लागायचा. आता जरा जास्त. वय झालंय, एवढंच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. गेल्या आठवड्यात बाबा कोणाला न सांगता सांगानेरला आजाऱ्याला भेटायला गेले आणि येताना भलतीकडेच उतरले. एका ऑटोवाल्यानं खिशातला पत्त्याचा कागद बघून आणून सोडलं. दारात उतरल्यावर मला म्हणाले, "कला, चहा टाक." मी टाकला. साखर कमी लागली तेव्हा म्हणाले, "ही तर रत्ना." आणि आम्ही दोघंही हसलो.

आता आनंदाची बातमी. शहरातल्या मोठ्या चर्चनं आपल्या मराठी उपासनेला दर रविवारी चार वाजता जागा द्यायचं कबूल केलं आहे. समितीचे सोलोमनसाहेब येऊन गेले. उपासना कोणी चालवायची हे समिती ईस्टरच्या आधी ठरवणार. सगळ्यांनी एकमुखानं गुरुजींचंच नाव सांगितलं. बाबांनी राजा पार्कातून सदऱ्याचं कापड आणवलंय. खऱ्या वेदीसमोर उभं राहून मराठीत प्रार्थना करायची ही त्यांची इच्छा तुमच्या आई होत्या तेव्हापासूनची. तेवढ्यासाठी ते जगताहेत असं मला वाटतं. तुम्हीही प्रार्थना करा.

तुमची,
रत्ना

*

जालना
३ मार्च

प्रिय रत्ना,

पत्र पोचलं. तू गोड लिहितेस आणि कडू गोष्ट मध्ये सारून देतेस. मी तीस वर्षं वॉर्डात नर्स होते ग. "वय झालंय, एवढंच" असं नातेवाईक कधी म्हणतात ते मला कळतं.

बाबांना मी तीनदा म्हटलं, जालन्याला या. खोली आहे, नातू आहे, आपली बोली आहे. म्हणतात, "माझी मंडळी कोण सांभाळील?" जशी काही मंडळी पाळण्यात आहे. भर रस्त्यात हरवले आणि ऑटोवाल्याच्या जागी दुसरा कोणी भेटला असता तर? 

उमाकांत आहे म्हणून मला झोप तरी लागते. आईबाप गेल्यावर इथून चौदा वर्षांचा मुलगा बाबांनी जयपूरला नेला. आईनं त्याला ताटातलं दिलं, बाबांनी त्याला दहावीला बसवलं, रेल्वेत लावलं, आणि तुझ्यासारखी बायको शोधून दिली. बाबा माझं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात. त्यानं काही ठरवलं तर बाबांच्या भल्यासाठीच असेल, एवढं मी डोळे मिटून सांगते.

चर्चचं ठरलं की कळव. पण फार आशा लावून घेऊ देऊ नकोस त्यांना.

कलावती

*

झोटवाडा
१७ मार्च

कलाताई,

हे पत्र वाचून फाडून टाका. आणि लगेच उत्तर लिहा, पोस्टात टाकायला नातवाला पाठवा, उद्यावर ढकलू नका.

यंदा बाबा लेंतात प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचंच सांगताहेत. मागच्या रविवारी म्हणाले, "तो पैशाला भुलला हे सगळे सांगतात. मला त्याची भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती मधल्या दिवसांची. आधी ठरवलं. मग संधी शोधत राहिला. आणि त्या सगळ्या दिवसांत तो रोज पंक्तीला बसला, प्रभूनं मोडलेली भाकर खाल्ली, बाकीच्यांशी थट्टामस्करी केली असेल. शेजारी बसलेल्यालाही कळलं नाही. एवढं मन घट्ट करायला काय लागत असेल?" त्या वेळी हे त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. त्या एका प्रवचनात ह्यांनी पाच-सहा वेळा शब्द दिला. मी स्वयंपाकघराच्या दारातून चहाकडे लक्ष ठेवत मोजत होते. सवय आहे मला.

काल दुपारी मी गच्चीवर मेथी वाळत घालायला गेले. हे टाकीच्या पलीकडे उभे राहून फोनवर बोलत होते. मी आलेलं त्यांना कळलं नाही. म्हणत होते, "ईस्टर से पहले वाले गुरुवार को आइए, साहब. पैर धोने के बाद गुरुजी पूरा अध्याय सुनाते हैं. आप खुद देख लीजिएगा. मेरे मुँह से मत कहलवाइए." मग थोडं ऐकून, "नहीं, उस दिन मैं बीच में नहीं बोलूँगा."

मेथी तशीच ठेवून मी खाली आले. हे आल्यावर विचारलं, "कोणाशी बोलत होता?"

"सोलोमनजींशी. जागेचं."

"जागेचं बोलताना 'मेरे मुँह से मत कहलवाइए' म्हणावं लागतं का?"

तेव्हा बसले. म्हणाले, "ते विसरतात, रत्ना. तुला माहीत नाही का? उद्या मोठ्या चर्चमध्ये शंभर माणसांसमोर अडले तर?"

"मग जाऊन सांगा ना समितीला. त्याआधी बाबांना सांगा. म्हणावं, बाबा, आता तुम्ही बसा, मी उभा राहतो. ते नाही म्हणणार नाहीत तुम्हाला."

"मी सांगितलं तर मी त्यांची जागा घ्यायला सांगितलं असं होईल. त्यांचं त्यांनाच दिसू दे. सगळ्यांना दिसू दे."

"म्हणजे गुरुवारी तुम्ही शब्द देणार नाही."

 पंच्याची घडी घालत होते, परत उलगडत होते. मग म्हणाले, "इतकी वर्षं शब्द माझा आणि आमेन त्यांना."

कलाताई, मी दहावी शिकलेली बाई. मला शास्त्राचे अर्थ लावता येत नाहीत. पण बाबा ज्या मधल्या दिवसांबद्दल बोलले ते आता माझ्या घरात चालू आहेत. संध्याकाळी हेच बाबांच्या डोळ्यांत औषध घालायला गेले. हात अगदी हलका असतो त्यांचा. मी डबा घेऊन मागे उभी होते.

मी काय करू? बाबांना सांगू? मुलगी म्हणून तुमचा शब्द मला पाहिजे.

रत्ना

*

जालना
२४ मार्च

प्रिय रत्ना,

पत्र वाचलं. फाडलं.

तू मध्ये पडू नकोस. बाबांना काही सांगू नकोस, त्यांना सोसणार नाही. उमाकांत विचार न करता काही करत नाही. तुला दारातून जेवढं ऐकू आलं तेवढंच तुला माहीत आहे. पुरुषमाणसं अशा गोष्टी कधी बोलून दाखवत नाहीत.

गुरुवार झाला की सगळं सोपं होईल. मे महिन्यात मी येते आणि बाबांना इकडे घेऊन येते. तुझ्याही डोक्यावरचा भार उतरेल.

प्रार्थना करते.

कलावती

*

झोटवाडा
३१ मार्च, मंगळवार

कलाताई,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. चार वेळा वाचलं. "दारातून जेवढं ऐकू आलं" असं तुम्ही लिहिलंत. ताई, मी गच्चीवर होते. असो.

तुम्ही सांगू नको म्हणालात, मी सांगितलं. तुमचं ऐकलं नाही म्हणून माफी मागते, पण मला राहवलं नाही. ज्या माणसाच्या घरात मी नवी नवरी म्हणून चहा करायला शिकले त्या माणसाला चारचौघांत उघडं पाडणार हे ठाऊक असून मी त्याला वरणभात वाढू कशी?

काल सकाळी हे कामावर गेल्यावर मी बाबांकडे गेले. बाबा खाटेवर बसले होते, नवा सदरा मांडीवर, बोटांनी बटणं चाचपत होते. मी सगळं सांगितलं. सोलोमनसाहेब येणार, हे गप्प राहणार, का राहणार. एकही गोष्ट मागे ठेवली नाही.

ऐकून घेतलं. मग फक्त "उमा?" म्हणाले. मी हो म्हटलं.

 चेहरा असा झाला की वाटलं, उगाच बोलले मी. मग म्हणाले, "त्याला माझ्याकडे पाठव. त्याला म्हणावं, मला कळलंय. मी रागावलो नाही. गुरुवारी मी सांगणार नाही, तोच सांगेल आणि मी आमेन म्हणेन." कलाताई, मी पदरात तोंड घालून रडले. वाटलं, सुटलो सगळे. घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं ते मनात जुळवत बसले. पण ह्यांना संध्याकाळची पाळीही करावी लागली आणि उशीर झाला, म्हटलं उद्या सांगते.

आज सकाळी डबा द्यायला गेले तर बाबा हसतमुख. "रत्ना, सदरा इस्त्री करून आण. गुरुवारी मोठ्या चर्चचे साहेब येणार आहेत म्हणे. उमा माझ्याजवळ बसेल ना? तो शेजारी असला की मला भीती नाही."

मी डबा खाली ठेवला. परत सांगितलं. तेच, तसंच. आणि ते परत तसेच दचकले, परत "उमा?" म्हणाले, तोच चेहरा झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मी रोज करू शकते आणि रोज त्यांना पहिल्यांदाच लागेल. निघताना मी त्यांचा हात हातात घेतला. ते म्हणाले, "काय झालं ग? रडतेस का?" तेवढ्यात गेलं होतं.

आता तिसऱ्यांदा सांगणार नाही.

ह्यांना मात्र सांगितलं, बाबा काय म्हणाले ते शब्दाला शब्द. ऐकून म्हणाले, "म्हणाले असतील. आता आठवतंय का त्यांना?"  ह्यांचं मन वळेल म्हणून मी सांगायला गेले आणि त्यांना उलट पुरावाच मिळाला.

परवा गुरुवार.

रत्ना

*

झोटवाडा
७ एप्रिल

कलाताई,

तुमचं पत्र नाही. माझं मिळालं असेल असं धरून लिहिते.

गुरुवारी संध्याकाळी मंडळी नेहमीपेक्षा जास्त होती. सोलोमनसाहेब आणि आणखी एक गृहस्थ पुढे खुर्च्यांवर. मी ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. तुम्हाला आठवत असेल, प्रभुभोजन चर्चचे पाळकसाहेबच देतात, पण गुरुवारी बाबा आठवणीची भाकर मोडतात, आईंनी घातलेला रिवाज. पीठ तुम्ही पाठवलेल्यातलं, शेवटचं.

आधी पाय धुणं, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसं. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी. बाबा जमिनीवर बसून एकेकाचा पाय चाचपत ओळखतात, नाव घेतात, धुतात. साहेबांचा पाय हातात घेऊन म्हणाले, "ये तो नये हैं," आणि सगळे हसले. ह्यांचा पाय हातात घेतला तेव्हा नाव घ्यावं लागलं नाही. "हा माझा," म्हणाले. टाचेला भेग होती, तिच्यावरून अंगठा फिरवला. मला म्हणाले, "ह्याला तेल लावत नाहीस का ग?" ह्यांनी पाय हळूच ओढून घेतला.

मग भाकर. पहिला तुकडा नेहमीसारखा उजव्या हाताला. ह्यांनी तो खाल्ला. मी बघत होते. चावून खाल्ला, पाणी प्याले.

मग बाबा उभे राहून सांगायला लागले. कलाताई, काय सांगितलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांत असा आवाज लागला नव्हता. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची माडीवरची खोली, सांजवेळ, बारा जण रेलून बसलेले, सगळं डोळ्यांसमोर आलं. एकदाही अडले नाहीत. मला वाटलं, प्रभूनंच पार नेलं. सोलोमनसाहेब पुढे वाकून ऐकत होते. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांच्या कपाळावर घाम होता.

आणि धरून देणाऱ्याला प्रभू घास बुडवून देतो ती जागा आली. बाबा म्हणाले, "त्यानं घास बुडवला आणि तो दिला..." आणि थांबले. "आणि तो दिला... त्याला... शिमोनाच्या मुलाला, त्या..." हात हवेत तसाच. नाव येईना. परत मागून सुरू केलं, परत तिथेच आले. मग मान उजवीकडे वळवली, जशी नेहमी वळवतात, आणि वाट बघितली.

हे खाली बघत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे.  बाबा हलकेच म्हणाले, "उमा?" आणखी एकदा, "उमा, आहेस ना?" मग उजवा हात खाली नेऊन ह्यांचा खांदा शोधला, आणि सापडला तेव्हा इतके निवांत झाले की माझ्यानं बघवेना. खांद्यावर हात ठेवून वाट बघत राहिले.

आजवर उपासनेत बाईमाणसानं शब्द दिलेला नाही. आम्ही मागे असतो, आमचं काम गीताच्या वेळी. मी दारात उभी होते, हातात ताट. मी म्हटलं, "यहूदा, गुरुजी."

मोठ्यानं निघालं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. ह्यांचीही वर झाली. इतरांना वाटलं, बाईनं शब्द दिला. ह्यांना कळलं मी काय केलं.

"यहूदाला," बाबा म्हणाले, आणि पुढे शेवटपर्यंत न अडखळता सांगितलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पण समितीनं बघायचं ते बघितलं. साहेब माणूस वाईट नाहीत. निघताना बाबांचे हात धरून म्हणाले, "गुरुजी, बहुत सेवा की आपने. अब आराम कीजिए." बाबांना वाटलं शाबासकी देताहेत. ईस्टरला नव्या जागेत उपासना झाली, ह्यांनी घेतली. बाबांना त्या दिवशी ताप होता, त्यांना आणलं नाही. नवा सदरा माझ्याकडे इस्त्री करून पडला आहे.

घरात आम्ही कामापुरतं बोलतो. दूध, वीज, प्रणालीची फी.

रत्ना

*

जालना
१५ एप्रिल

रत्ना,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर लिहायला धीर झाला नाही.

जानेवारीत उमा इकडे लग्नाला आला होता. मी त्याला परसात बाजूला घेतलं आणि म्हटलं, बाबांना थांबव. कसंही करून थांबव. त्यांचं उपासनेचं वेड सुटल्याशिवाय ते जयपूर सोडणार नाहीत, आणि असेच एकदा रस्त्यात पडून मरतील. तो म्हणाला, "मी कसं थांबवू, ताई? त्यांनी मला वाढवलंय." मी म्हटलं, म्हणूनच तू. दुसऱ्या कोणाचं काम नाही.  मग म्हणाला, "बघतो." कसं बघणार ते मी विचारलं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं. तू मार्चमध्ये लिहिलंस तेव्हा लक्षात आलं आणि तरी मी तुला गप्प बस म्हटलं.

खांद्यावर हात ठेवून वाट बघत राहिले, ते मी रोज काढून वाचते.

उमावर रागावू नकोस. किंवा रागावणार असशील तर अर्धा राग इकडे पाठव. मी मे महिन्यात येते. बाबांच्या पायाशी बसून सगळं सांगेन, मग ते काय म्हणायचं ते म्हणोत.

कला

*

झोटवाडा
२७ एप्रिल

कलाताई,

अर्धा राग पाठवत नाही. मी दोघांचा हिशेब एकत्र धरत नाही. तुम्ही थांबव म्हणालात. खांद्यावर हात असताना गप्प बस, असं काही तुम्ही सांगितलं नव्हतं. तुमचं तुमच्याकडे, ह्यांचं ह्यांच्याकडे. आणि बाबा पहिल्या दिवशी सकाळी म्हणाले ते मी ह्यांना त्याच रात्री सांगितलं नाही, ते माझ्याकडे.

तुम्ही या. जरूर या. पण बाबांपुढे कबुली द्यायला येऊ नका. का ते लिहिते.

ईस्टरनंतरच्या रविवारी तीन वाजता बाबा अंघोळ करून तयार. हे त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं की आता उपासना मी घेतो, समितीनं तसं ठरवलंय. बाबा म्हणाले, "का? माझं काही चुकलं का?" हे म्हणाले, वयामुळे. बाबा म्हणाले, "त्यांना कोणी काही सांगितलं असेल का रे?" हे म्हणाले, "माहीत नाही." आणि निघून आले. घरी येऊन चपला न काढता बसून राहिले.

पुढच्या रविवारी बाबा परत तीन वाजता तयार. त्यांना काही आठवत नव्हतं. ह्यांनी मला म्हटलं, "आज तू जाऊन सांग." मी म्हटलं, "डबा मी देते, औषध मी देते. हे तुमचं." गेले. परत तेच प्रश्न. परत आले तेव्हा चेहरा बघवत नव्हता. उपासनेत ह्यांच्या तोंडून गीताचा क्रमांक चुकला.

काल मी बरोबर गेले. मीच म्हटलं येते. बाबा खाटेवर बसले होते, जुनाच सदरा, बटणं वरखाली लावलेली. आवाज ऐकून म्हणाले, "आलास? चल, लोक बसले असतील." हे त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. तुम्हाला माहीत आहे, नोकरीला लागल्यापासून हे त्यांना गुरुजीच म्हणतात. काल "बाबा" म्हणाले.

"बाबा, उपासना आता तुमच्याकडे नाही. माझ्याकडे आहे."

"का? कोणी काही सांगितलं का त्यांना?"

"मी सांगितलं. मी त्यांना बोलावलं. मी मुद्दाम गप्प बसलो. महिनाभर आधी ठरवलं होतं."

मी दाराला धरून उभी होते. बाबांनी हात पुढे करून ह्यांचं डोकं शोधलं. केसांतून हात फिरवला. म्हणाले, "नाही रे. तू कोणाला तरी पाठीशी घालतोयस. लहानपणी पण असाच करायचास, कलानं बशी फोडली तर मी फोडली म्हणायचास."

"नाही, बाबा. मीच."

"तू तसा नाहीस," बाबा म्हणाले. अगदी शांतपणे, जसं मला कोणी सांगावं की आज रविवार आहे. "मी तुला वाढवलंय. मला ठाऊक आहे."

ह्यांना हुंदका फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी पाहिला नव्हता. बाबा घाबरले. विचारायला लागले, "काय झालं? कोण गेलं? रत्ना, हा का रडतोय?" मघाचं सगळं गेलं होतं.

हे डोळे पुसून परत म्हणाले, "बाबा, ऐका, मी..." तेव्हा मी पुढे होऊन ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "पुरे आता. हे तुम्ही तुमच्यासाठी सांगताय. त्यांना नुसतं लागेल, आणि माफी द्यायला तेवढा वेळ त्यांच्याजवळ उरणार नाही."

 हे उठले. बाबांची बटणं सोडून नीट लावली. मी म्हटलं, थांबा, आणि घरून नवा सदरा आणला. तो घातला. चर्चला घेऊन जातो म्हणाले. पुढच्या बाकावर बसवतो, जेवढं त्यांना सांगायचं असेल तेवढं सांगू दे, मग समितीला जे वाटायचं ते वाटो.

पायऱ्या उतरताना बाबांनी ह्यांचा दंड घट्ट धरला होता. खाली आल्यावर माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "रत्ना, कलाला पत्र लिहिशील तेव्हा लिही. म्हणावं, उमा आहे बरोबर, काळजी करू नकोस."

म्हणून लिहिलं. ह्यांनी ते ऐकलं, मान खाली घातली, आणि त्यांना स्कूटरवर आपल्या मागे बसवून घेतलं.

रत्ना